दोन कसोट्यांचा गोलंदाज

"क्रिकेटवर लिहितोच आहेस तर सचिनवर लिही, निदान कोणी वाचेल तरी," असा सल्ला आमच्या वर्गातल्या एका सुज्ञ मित्राने दिला. सल्ला रास्त होता. पण सचिनवर लिहायला मी कोण? शिवाय माझं आणि फलंदाजीचं कधी जमलंच नाही. अकरावा खेळाडू म्हणून पॅड बांधून बसायचं आणि पॅड सोडताना हायसं वाटायचं, एवढाच माझा त्या कलेशी संबंध. तेव्हा मी लिहिणार आहे एका गोलंदाजावर. पारस म्हांब्रे. नाव ऐकल्यासारखं वाटतं आणि नक्की कोण ते आठवत नाही ना? तेच तर सांगायचं आहे.

आधी थोडं माझ्याबद्दल. आम्ही नाहूरला राहतो. मुलुंड आणि भांडुप यांच्यामध्ये चिमटीत धरल्यासारखं हे स्टेशन. इथे फक्त धीम्या गाड्या थांबतात. रविवारी पहाटे खांद्यावर किटबॅग घेऊन मी लगेजच्या डब्यात शिरायचो, मासळीच्या टोपल्या आणि भाजीच्या गोण्या यांच्यामध्ये उभं राहायची जागा करायचो आणि तासाभराने आझाद मैदानात उतरायचो. मी मध्यमगती गोलंदाज होतो. 'होतो' असं लिहायची सवय अजून झालेली नाही, पण होतो.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात कांगा लीग चालू होती. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ही स्पर्धा १९४८ पासून मुंबईत मुद्दाम पावसाळ्यात खेळली जाते. ओली खेळपट्टी, गुडघ्याएवढं गवत, मध्येच सर आली की सगळे तंबूत. अशा खेळपट्टीवर मध्यमगती गोलंदाजाची दिवाळी असते. मीही दिवाळी साजरी केली. रविवारी लीग, मधल्या वारी कॉलेजचा सराव, उरलेल्या संध्याकाळी वसाहतीमागच्या मैदानात एकट्यानेच स्टम्प रोवून टाकत बसायचं. कंबर दुखायला लागली तेव्हा आईने तेल चोळलं. आणखी दुखायला लागली तेव्हा गोळी घेतली. सप्टेंबरात एकदा चेंडू टाकून पुढे गेलो तो सरळ उभाच राहता येईना. तपासणीत कळलं, पाठीच्या खालच्या मणक्याला केसाएवढी चीर गेली आहे.

डॉक्टर सज्जन होते. त्यांनी विचारलं, "नोकरी मिळेल का ह्यातून?" मी म्हटलं, नाही. "मग कशाला एवढं?" ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. सहा महिने चेंडू हातात घ्यायचा नाही, असा हुकूम झाला. नंतर टाकता येईल, पण पूर्वीसारखं टाकता येईल असं कोणी सांगेना.

आमच्या संघाच्या प्रशिक्षकांनी तेव्हा मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "तोपर्यंत लहान पोरांना बघ. तुला समजतं, तू शिकवू शकशील." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. 'तू शिकवू शकशील' म्हणजे 'तू संपलास' हे न कळण्याइतका मी खुळा नव्हतो. घरी येऊन बाबांना सांगितलं, "ज्याला खेळता येत नाही तो शिकवतो." वाक्य मला फार जोरदार वाटलं होतं.

बाबा जेवत होते. ते स्वतः एके काळी कंपनीकडून टाइम्स शील्डमध्ये खेळलेले. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांची धुराडी अजून चालू होती त्या काळातली ही गोष्ट. त्यांनी घास खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "म्हांब्रे कोण, ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक नव्हतं. म्हणजे दूरदर्शनच्या पडद्यावर खेळाडूंच्या मागे टोपी घालून बसलेला एक गृहस्थ म्हणून कदाचित चेहरा ठाऊक असेल.

पारस म्हांब्रे यांचा जन्म मुंबईतला, २० जून १९७२ चा. बाबा त्याच वर्षीचे, त्यामुळे त्यांना ह्या माणसाबद्दल एक खास आपलेपणा. म्हांब्रे मुंबईकडून नव्या चेंडूने गोलंदाजी करीत. प्रथम श्रेणीच्या ९१ सामन्यांत त्यांनी २८४ बळी घेतले. १९९६ च्या उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला गेला त्यात त्यांची निवड झाली आणि ६ जूनला एजबॅस्टनच्या मैदानावर ते पहिली कसोटी खेळले. तो सामना आपण आठ गड्यांनी हरलो. दुसऱ्या डावात सचिनने एकट्याने १२२ धावा केल्या, म्हणून तो सामना लोकांना आठवतो. दुसरी कसोटी लॉर्ड्सवर, २० जूनपासून. म्हणजे म्हांब्रे यांचा नेमका चोविसावा वाढदिवस. पण त्या दिवशी लॉर्ड्सवर आणखी दोघेजण पहिल्यांदाच कसोटी खेळायला उतरले होते. एकाने १३१ धावा काढल्या, दुसऱ्याचं शतक पाच धावांनी हुकलं. सौरव गांगुली आणि राहुल द्रविड. आता त्या कसोटीचं नाव काढलं की लोक त्या दोघांबद्दल बोलू लागतात आणि बोलतच राहतात. गोलंदाज कोण होते, हे विचारायचं कोणाला सुचत नाही. तिसऱ्या कसोटीत म्हांब्रे संघात नव्हते आणि पुढेही कसोटी संघात कधी आले नाहीत. दोन कसोट्या, दोन बळी. तीन एकदिवसीय सामने. आंतरराष्ट्रीय हिशोब तिथे मिटला.

"बाविसाव्या वर्षी तुझं संपलं म्हणून रडतोस, त्याचं चोविसाव्या वर्षी संपलं," बाबा म्हणाले. (मी एकवीस वर्षांचा आहे. बाबा माझं वय नेहमी वाढवून सांगतात.) "पण तो घरी बसला नाही. मुंबईकडून खेळत राहिला. २००२-०३ चा रणजी करंडक आपण जिंकला तेव्हा कॅप्टन तोच होता."

हे मला खरोखरच ठाऊक नव्हतं. मुंबईच्या रणजी विजेत्या कर्णधारांची नावं मी शाळेत असताना पाठ केली होती, त्यात हे नाव कसं निसटलं कोण जाणे.

त्यानंतर ते प्रशिक्षक झाले, आणि झाले ते बंगालचे. बंगालने रणजी करंडक जिंकला होता तो १९८९-९० मध्ये. म्हांब्रे यांच्या हाताखाली हा संघ २००५-०६ मध्ये अंतिम फेरीत गेला आणि उत्तर प्रदेशाकडून पहिल्या डावातल्या पिछाडीमुळे हरला. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी. समोर मुंबई. मैदान वानखेडे.

फेब्रुवारी २००७ मधला तो सामना बघायला बाबा रजा टाकून गेले होते. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो आणि मला ताप होता, ही बाब आई अजून विसरलेली नाही. मुंबईकडे सचिन, झहीर खान, बंगालकडे गांगुली. बाबा गेले होते ते मात्र म्हांब्रेला बघायला. आपला माणूस, आपल्याच मैदानावर, परक्यांचा संघ घेऊन आपल्यावर चालून आला आहे, ह्याची त्यांना गंमत वाटत होती. मुंबईने १३२ धावांनी सामना जिंकला. "आणि म्हांब्रे?" मी विचारलं. "दिसलाच नाही रे. दिवसभर पॅव्हेलियनकडे डोळे लावून बसलो होतो. एवढ्या लांबून कोण कोण ते कळत नव्हतं." हे सांगताना बाबांचा आवाज थोडा ओशाळला. दिवसभर उन्हात बसून ज्याला बघायला गेलो तो माणूस दिसला नाही, असं सांगायचं म्हणजे पंचाईतच.

इथे जरा आडवाट करतो. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. मुख्य पिचर थकला की बदली पिचर बोलावतात. तोवर हे बदली लोक मैदानाच्या कडेला एका कुंपणाआड बसून असतात, हात मोकळे करतात आणि आपली पाळी येते की नाही ह्याची वाट पाहतात. टॉम हाउस नावाचा असाच एक बदली पिचर होता. ८ एप्रिल १९७४ ला त्याच्याच संघातल्या हँक आरन ह्या फलंदाजाने ७१५ वा होम रन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. तो ऐतिहासिक चेंडू नेमका त्या कुंपणाआड गेला आणि टॉम हाउसने झेलला. सामन्यात न खेळता इतिहास हातात आलेला माणूस! पुढे तो टेक्सास रेंजर्सचा पिचिंगचा प्रशिक्षक झाला आणि नोलन रायनसारखा दिग्गज चाळिशी उलटल्यावर त्याच्या देखरेखीखाली चेंडू फेकत होता. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू, ज्यांनी तोवर बेसबॉलचा चेंडू धरलेलाही नव्हता, शिकायला गेले ते ह्याच टॉम हाउसकडे. त्याच वर्षी एका अमेरिकी संघाने दोघांशी करार केला. त्यांच्यावरचा सिनेमा मी पाठीला पट्टा बांधून घरी पडलो असताना पाहिला. सिनेमा त्या दोन मुलांचा आणि त्यांना शोधणाऱ्या एजंटाचा आहे. मी मात्र टॉम हाउसचं काम करणाऱ्या नटाकडेच बघत होतो.

डिसेंबरात अखेर मी मैदानात गेलो. हौसेने नव्हे, घरात बसून आईशी भांडणं व्हायला लागली म्हणून. वसाहतीतली दहा-बारा पोरं तिथे खेळतात. मैदान म्हणजे अर्ध्या भागात कुठल्याशा बांधकामाची खडी, उरलेल्या अर्ध्यात आम्ही. त्यांच्यात एक तेरा वर्षांचा डावखुरा पोरगा होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. धावत यायचा तो विंचू चावल्यासारखा. छाती सरळ फलंदाजाकडे, डावा हात कानाजवळून उलटा फिरून यायचा, आणि चेंडू टप्पा पडल्यावर आत यायचा. का यायचा ते त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मी काय केलं, तर त्याला सुधारायला घेतलं. लिलीचे जुने फोटो दाखवले. गोलंदाजाने आडवं व्हावं, पुढच्या खांद्यावरून फलंदाजाकडे बघावं, असं मला लहानपणी शिकवलं होतं आणि तेच मी त्याला शिकवलं. रोज संध्याकाळी पन्नास-पन्नास चेंडू. पोरगा कष्टाळू. "दादा, आता बरोबर आहे का?" असं दर चेंडूला विचारायचा. महिन्याभरात त्याचा खांदा आडवा झाला आणि मला वाटलं, चला, आपल्याला जमतं. चेंडू आत यायचा थांबला होता, तिकडे मी काणाडोळा केला. पाया पक्का झाला की येईल, असं मी त्याला सांगितलं. असली वाक्यं तोंडात आपोआप येतात.

जानेवारीत एका संध्याकाळी तो आला आणि खडीच्या ढिगावर बसून राहिला. "आज नको दादा. इथे दुखतं." त्याने हात ठेवला तो कमरेच्या वर, डाव्या-उजव्या मधोमध. माझ्याच जागेवर.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या दुखण्याची कागदपत्रं काढली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला चित्र काढून समजावलं होतं, तेव्हा मी वैतागून नीट ऐकलं नव्हतं. गोलंदाजाची कंबर आणि खांदे एकाच दिशेला असावेत. दोन्ही आडवे चालतील, दोन्ही समोर चालतील. पण कंबर आणि पाय समोर आणि खांदे आडवे, अशी सरमिसळ झाली, तर चेंडू सोडायच्या क्षणी सगळा पीळ पाठीच्या खालच्या मणक्यांवर पडतो, आणि तोही शरीराच्या कितीतरी पट भार पुढच्या पायावर आलेला असताना. माझी गोलंदाजी सरमिसळीची होती. म्हणून चीर गेली. आणि मी त्या पोराचे पाय तसेच ठेवून फक्त खांदा फिरवला होता. त्याला सुधारता सुधारता मी त्याला माझं दुखणं शिकवलं होतं. ज्या लिलीचे फोटो मी दाखवत होतो, त्याचीही पाठ १९७३ मध्ये अशीच मोडली होती हेसुद्धा मला ठाऊक होतं! लिली त्यातून उठला, आपली गोलंदाजी नव्याने बांधली आणि १९८७ पासून चेन्नईला आपल्या पोरांना वेगवान गोलंदाजी शिकवू लागला. गोष्ट मला पाठ होती. तिचा अर्थ तेवढा कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईला सगळं सांगितलं. चहा झाला नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही चांगलं शिकवताय असं वाटत होतं आम्हाला." डॉक्टरकडे नेलं, चीर नव्हती, स्नायूंवर ताण होता. तीन आठवडे विश्रांती. जिना उतरताना माझे पाय लटपटत होते. पुढचे तीन आठवडे तो मैदानात आला नाही आणि मला दर संध्याकाळी त्याच्या खिडकीकडे बघवत नव्हतं.

त्या तीन आठवड्यांत मी म्हांब्रे यांचा पुन्हा विचार केला. बंगालनंतर ते आणखी काही रणजी संघांकडे होते, मुंबई इंडियन्सकडे होते, मग एकोणीस वर्षांखालच्या मुलांकडे. द्रविड मुख्य प्रशिक्षक, हे गोलंदाजीचे. २०१६ मध्ये ती मुलं विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वेस्ट इंडिजकडून हरली, २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाला हरवून जिंकली. २०२० मध्ये म्हांब्रे स्वतः मुख्य प्रशिक्षक असताना बांगलादेशाकडून पुन्हा अंतिम सामन्यातच हार. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते भारताच्या मुख्य संघाचे गोलंदाजी प्रशिक्षक झाले. म्हणजे त्यांच्या हाताखाली आला तो जसप्रीत बुमरा.

आता बुमराची गोलंदाजी डोळ्यांपुढे आणा. आखूड, अडखळती धाव. हात ताठ. कुठल्याही पुस्तकात न बसणारं प्रकरण. ज्याच्या नावावर दोन कसोटी बळी आहेत त्याने अशा माणसाला काय शिकवायचं? त्या दोघांत काय बोलणं होत असेल ते मला ठाऊक नाही. पण एक गोष्ट उघड आहे: बुमराचा हात बुमराचाच राहिला. माझ्यासारखा उत्साही प्रशिक्षक त्याला लहानपणी भेटला असता तर काय झालं असतं, ह्या विचाराने मला घाम फुटला.

२९ जून २०२४ ची रात्र आपल्या सगळ्यांना आठवते. बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. आमच्या घरी शेजारच्या तीन घरांची माणसं. दक्षिण आफ्रिकेला तीस चेंडूंत तीस धावा हव्या होत्या, तेव्हा बाबा उठून गॅलरीत गेले; त्यांना बघवेना. बुमराने चार षटकांत अठरा धावा देऊन दोन बळी घेतले, सूर्यकुमारने सीमेवर तो झेल घेतला, आपण सात धावांनी जिंकलो. सगळी वसाहत खाली उतरली. बाबा मात्र पडद्याजवळ उभे राहून गर्दीत कोणाला तरी शोधत होते. मी तेव्हा विचारलंही नाही. आता कळतं. त्या संघाचा मुख्य प्रशिक्षक द्रविड, फलंदाजीचा विक्रम राठोड, गोलंदाजीचा म्हांब्रे. तिघेही १९९६ च्या त्या इंग्लंड दौऱ्यातले. राठोड आणि म्हांब्रे यांनी तर एजबॅस्टनच्या एकाच कसोटीत पदार्पण केलं होतं. इंग्लंडमध्ये त्या उन्हाळ्यात आपण मालिका हरलो होतो. त्या तिघांपैकी नाव झालं एकाचंच, पण अठ्ठावीस वर्षांनी मैदानाच्या कडेला तिघेही होते.

बाबांना म्हांब्रे दिसले का, हे मी परवा विचारलं. "एक सेकंद दिसला," ते म्हणाले. "टोपी घातली होती."

फेब्रुवारीच्या शेवटी आमचा डावखुरा परत आला. मी त्याला फक्त म्हटलं, "तू पहिल्यांदा टाकायचास तसं टाक." "म्हणजे चुकीचं?" त्याने विचारलं. "हो, चुकीचं." तो संशयाने माझ्याकडे बघत राहिला. एकवीस वर्षांच्या माणसाचा शब्द असा महिन्यात फिरला तर कोण विश्वास ठेवील? पहिले काही चेंडू ना धड इकडचे ना तिकडचे पडले. एक तर थेट खडीत गेला आणि तो शोधण्यात दहा मिनिटं गेली.

मलाही आता डॉक्टरांनी दोन-दोन षटकं टाकायची परवानगी दिली आहे. पुढच्या मोसमात कॉलेजच्या संघात जागा मागावी की नाही, ह्यावर घरी रोज वाद होतो. बाबा म्हणतात, माग. आई म्हणते, खबरदार. मी अजून ठरवलेलं नाही. संध्याकाळी मैदानात गेल्यावर मी पंचाच्या जागी उभा राहतो आणि दोन्ही हात खिशात घालतो. बाहेर ठेवले की ते पोरांचे खांदे धरायला जातात. डावखुरा नाहूरच्या पुलाच्या बाजूने धावत येतो. परवा एक चेंडू टप्पा पडून आत आला आणि मधला स्टम्प घेऊन गेला. तो वळून माझ्याकडे बघू लागला. "आता काय केलं मी, दादा?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "पुन्हा टाक."